जिओटॅग केलेली समता

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटल्यावर आमच्या ओळखीच्या एका महाविद्यालयात समता आठ दिवस आधीच मुक्कामाला आली. सर्वसमावेशकतेचे पुरावे लागतात, तेही जिओटॅग केलेल्या फोटोंसह. म्हणून रॅम्प रातोरात उभा राहिला. तो मुख्य दारापर्यंत नेऊन सोडतो. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट ‘फक्त प्राध्यापकांसाठी’. पण फोटोत ते येत नाही.

यूजीसीच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनुसार समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारीही हवा. कक्षाची पाटी स्टोअररूमच्या दाराला लागली. अधिकारीपद अर्थातच ‘अतिरिक्त कार्यभार’. एनएसएस, परीक्षा विभाग आणि वृक्षारोपण आधीच सांभाळणाऱ्या सरांकडे. सरांना हे इतिवृत्तावर सही करताना कळलं. वर्षभरात तक्रारी शून्य. तक्रारपेटीची किल्ली सापडत नाही, हा भाग अलाहिदा.

राखीव पदांचं तर काय सांगावं! जाहिरात निघते, मुलाखती होतात, चहा-बिस्किटं होतात आणि शेरा पडतो: ‘योग्य उमेदवार आढळला नाही’. हाच अयोग्य उमेदवार तासिका तत्त्वावर त्याच विभागात तोच विषय शिकवायला मात्र चालतो. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत.

जातीय छळाच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या आया २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. समतेचे असलेले हे नियम निदान पाळा, हे त्यांचं मागणं. आमच्या या महाविद्यालयाने ते कधीच पाळलेत. संकेतस्थळावर पीडीएफ आहे.