फेडरल कोर्टातला डायनोसॉर

त्रेपन्नाव्या वर्षी नोकरी गेली, की न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी माणसाच्या घरी दोन गोष्टींचा पूर येतो: डबे आणि सल्ले. डब्यांबद्दल तक्रार नाही. सल्ले देणाऱ्या प्रत्येकाकडे मात्र एक हुकमी वकील होता. कुणाचं ग्रीनकार्ड त्याने केलेलं, कुणाच्या घराचं क्लोजिंग. 'तुझंही करेल रे' असं सगळे म्हणत होते.

माझ्या जागी माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा आला होता, आणि साहेबांना हल्ली 'फ्रेश एनर्जी' या शब्दांचा उमाळा येत असे. चाळिशी ओलांडलेल्याला वयावरून काढू नये, असा केंद्रीय कायदा इथे 1967 पासून आहे. पण थेट कोर्टात जाता येत नाही. आधी ईईओसी नावाच्या सरकारी आयोगाकडे तक्रार नोंदवायची. न्यू जर्सीत त्याला 300 दिवसांची मुदत. ती तक्रार मी वकिलाशिवाय केली आणि वाचलेल्या पैशांचा हिशेब सर्वांना ऐकवला.

पुढे आयोगाचं पत्र आलं. तुम्हाला खटला भरण्याचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. अमेरिकन सरकार आपल्या बाजूने उभं राहिलं म्हणून मी ओक ट्री रोडवरून पेढे आणले आणि गावभर वाटले. पेढे संपल्यावर बायकोने पत्र वाचलं.

"अहो, ते तुमची फाइल बंद करतायत. आणि कोर्टात जायचं तर पत्र मिळाल्यापासून 90 दिवसांत, असंही लिहिलंय."

त्यातले बरेचसे दिवस पेढ्यांत गेले होते.

मग सुरू झाला वकिलांचा शोध. नेवार्कमधल्या एका काचेच्या इमारतीतलं ऑफिस मला फारच पसंत पडलं. फोनवरच्या बाईंनी माझ्या आधी माझ्या कंपनीचं नाव विचारलं. मला वाटलं, काय ही तत्परता! थोड्या वेळाने थंड आवाज आला: आम्ही फक्त मालकांच्या बाजूने लढतो. नोकरीच्या वकिलांत कामगारांचे आणि मालकांचे असे दोन तट असतात, हे मला 25 वर्षं इथे राहून ठाऊक नव्हतं. ग्रीनकार्डवाल्या वकिलाला तर ईईओसी म्हणजे काय हेच मी समजावून दिलं, आणि त्याबद्दल त्यानेच बिल लावलं.

अखेर एक कामगारांच्या बाजूच्या वकीलबाई भेटल्या. पहिल्या भेटीची फी तासावर. या वकिलांचं मीटर सहा-सहा मिनिटांनी पडतं, तासाचा दहावा भाग. मी सवयीप्रमाणे हवापाणी, न्यू जर्सीचा ट्रॅफिक आणि त्यांच्या भिंतीवरचं चित्र यांवर तीनेक ठोके घालवले. मग माझी 40 पानी हकिकत पुढे ठेवली. सुरुवात डोंबिवलीच्या शाळेपासून होती.

"मला एक पान हवंय," त्या म्हणाल्या. "तारखा, कोण काय बोललं, आणि कागद."

मी रात्रीची झोप उडाल्याची 11 पानं दाखवली. त्या म्हणाल्या, या केंद्रीय कायद्यात मनस्तापाचे पैसे नसतात. राज्याच्या कायद्यात मिळतात, तोही दावा जोडू. वर 2009 साली सुप्रीम कोर्टाने ग्रॉस खटल्यात ठरवलंय की वय हे अनेक कारणांपैकी एक असून भागत नाही. वय आड आलं नसतं तर नोकरी टिकली असती, हे दाखवावं लागतं. मी वकील निवडायला गेलो होतो, मुलाखत माझी झाली. माझी केस घेण्यालायक आहे असं दोन दिवसांनी कळलं तेव्हा पहिल्या नोकरीच्या ऑफर लेटरइतका आनंद झाला. जिंकलो तर एक तृतीयांश त्यांचा, हरलो तर फी नाही. दाखल करायचे 405 डॉलर आणि बाकीचा खर्च माझा.

फेडरल कोर्ट म्हणजे पिंजरा, हातोडा आणि माझं गहिवरलेलं भाषण, अशी माझी हिंदी सिनेमाने करून दिलेली समजूत होती. प्रत्यक्षात वाट्याला आली ती एका बिनखिडकीच्या खोलीतली जबानी. नियमाने ती सात तासांपर्यंत चालू शकते. वकीलबाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं: विचारतील तेवढंच सांगा, आणि विनोद करू नका.

कंपनीच्या वकिलाने शांतपणे माझीच एक ईमेल पुढे सरकवली. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी अख्ख्या विभागाला लिहिलं होतं, 'आमच्यासारख्या डायनोसॉरला हे कोण शिकवणार? पोरांनो, तुम्हीच सांभाळा!' त्या दिवशी या विनोदावर सगळे हसले होते. साहेब तर सर्वांत जास्त.

"आपण डायनोसॉर आहात का?"

मी म्हणालो, नाही, स्वतःची टिंगल करणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

"म्हणजे आपण जे लिहिलंत ते खोटं होतं?"

हो म्हणावं तर मी खोटारडा, नाही म्हणावं तर नव्या कामाला निकामी. टेबलाखालून वकीलबाईंचा बूट माझ्या नडगीवर आला, पण तोवर मी मराठी विनोदाची परंपरा समजावून सांगू लागलो होतो. स्टेनोग्राफर बिचारी सगळं टिपत होती. त्या पानांचे पैसेही मीच भरले.

पुढे मध्यस्थासमोर तडजोड झाली. न्यायाधीश मला दिसले नाहीत. वकीलबाईंनी आपला तिसरा हिस्सा घेतला. त्या बुटाचे वेगळे पैसे लावले नाहीत, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. उरलेला आकडा बायको, वकील आणि टॅक्सवाला सोडून कुणालाही सांगायचा नाही, असं करारात आहे. तेव्हा भेटलात तर तब्येत विचारा, मुलांचं विचारा. आकडा तेवढा विचारू नका.