आघाडीचं प्रशिक्षण, केंद्र : सिल्लोड

दोन संघटनांची मोट कशी बांधावी यावर मोठ्या हॉटेलांत कार्यशाळा भरतात. एवढा खर्च कशाला? सगळ्यांना एसटीत बसवून सिल्लोडला आणा.

इथले आमदार अब्दुल सत्तार. २००९ आणि २०१४ला काँग्रेसचे, २०१९ला शिवसेनेचे. निकाल लागून महिना उलटतो न उलटतो तोच शिवसेनेनं काँग्रेसशीच संसार थाटला. म्हणजे ज्या घराला रामराम ठोकला, तेच घर सामानसुमान घेऊन मागोमाग दारात! २०२२ला शिवसेना फुटली तेव्हा ते एकनाथ शिंदेंबरोबर गेले, कृषिमंत्री झाले आणि भाजप मित्र झाला. वरच्या पातळीवर, अर्थात.

खाली? २०२४च्या विधानसभेत महायुतीचे उमेदवार सत्तार. समोर ठाकरे गटाचे सुरेश बनकर, निवडणुकीच्या तोंडावर भाजपमधून आलेले. भाजपच्या कार्यकर्त्यानं युतीधर्म पाळायचा तर कालच्या सहकाऱ्याला पाडायचं. त्यात सिल्लोड जालना लोकसभेत. तिथं पाच वेळा निवडून आलेले भाजपचे रावसाहेब दानवे त्याच वर्षी हरले होते. कुणी कुणाचं काम केलं, हा हिशेब चहाच्या टपरीवर अजून मिटलेला नव्हता.

समन्वय बैठकीत हे प्रश्न येत नसतात. तिथं फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, यावरच दुपार होते.

सत्तार निवडून आले. २,४२० मतांनी. युतीनं तारलं की युतीनंच घाम फोडला, यावर दोन्ही मित्रपक्षांची उत्तरं तयार आहेत. फक्त एकाच खोलीत विचारू नका.