भंगार? छे!

टूसॉनमध्ये कुठेही कॉफी प्यायला बसा, शेजारच्या टेबलावर तो असतोच. वय पंच्याहत्तरीपुढे, डोक्यावर कुठल्यातरी स्क्वाड्रनची टोपी, उभी हयात विमानांच्या पोटाखाली गेलेली. ॲरिझोनातल्या या गावी डेव्हिस-माँथन हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे तीन-चार हजार निवृत्त विमानं उन्हात उभी असतात. हवा कोरडी, त्यामुळे गंज चढत नाही. जमीन इतकी टणक की फरसबंदीही लागत नाही.

त्यांना भंगार म्हणालात की तुमची कॉफी गार झालीच म्हणून समजा. तो चार वर्ग समजावू लागतो. टाइप एक हजार म्हणजे जपून ठेवलेलं, दोन हजार सुट्या भागांसाठी, तीन हजार उडायच्या बेतात, चार हजार निकालात. माणसांनाही तो हेच माप लावतो. मेहुणा चार हजार. “त्याचे पार्टही कुणाला बसायचे नाहीत.” स्वतः अर्थातच एक हजार, हुकूम आला की हजर!

विमान ठेवताना इंधन काढून आत पातळ तेल फिरवतात, फटी टेपने बुजवतात, वरून पांढरा लेप देतात. म्हणजे आतलं विमान उन्हात भाजून निघत नाही. या टोपीवाल्याला चार दिवस लेकीकडे जायचं असलं तरी गवत कापायच्या यंत्रातलं पेट्रोल निघतं, टोस्टरच्या फटींना टेप लागते. परतल्यावर ती खरवडता खरवडता न्याहारीची वेळ टळून जाते.

गॅरेजात गाडी सोडून सगळं आहे. शेवटी बायकोने तह केला. १९९१ च्या स्टार्ट या अण्वस्त्रकपात करारानंतर अमेरिकेने इथे ३६५ बी-५२ बॉम्बफेकी विमानं मोडीत काढली. कित्येकांवर अजस्र गिलोटिन चालवलं, आणि रशियाच्या उपग्रहांची खात्री पटावी म्हणून तुकडे उघड्यावर ठेवले. बायकोचं कलमही तेच: मोडीत काढलेली वस्तू अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी ठेवायची. पहिला मान मोडक्या आरामखुर्चीला मिळाला.

आठवड्याने खुर्ची गायब. पण २००८ पासून इथे पडून असलेलं ‘घोस्ट रायडर’ हे बी-५२ विमान २०१५ मध्ये उठून स्वतःच्या पंखांवर उडून गेलं होतं. एवढा दाखला हाताशी असताना खुर्चीची आशा कोण सोडेल? ती गॅरेजात परतली आहे, फटींना टेप लावून. बायको सध्या गिलोटिनच्या किमतीची चौकशी करते आहे.