अंगठा लावा

आमच्या अंगणवाडीचं सगळं भांडवल एका खोक्यात मावतं. चिंचोके, करवंट्या, बाटल्यांची बुचं, रिकाम्या काड्यापेट्या, सुतळीचे तुकडे आणि माझी एक जुनी ओढणी. मदतनीस मावशी दर दिवाळीला हे खोकं भंगारवाल्यासाठी दाराशी नेऊन ठेवतात आणि मी दर दिवाळीला ते परत आत आणते. ‘या पसाऱ्यातून एक दिवस साप निघेल,’ असं त्यांचं म्हणणं. निघतो की! रोज निघतो, सुतळीचा. परवा त्याला ताप होता, म्हणून करवंटीत निजवला होता. मावशींना त्या कोपऱ्यात केर काढायलाही बंदी होती.

ओढणीचं तर विचारूच नका. सकाळी ती नदी असते, अकराच्या सुमारास नवरीचा शालू आणि खिचडी खाऊन झाली की सलाईनची नळी. एकदा ऐन मुहूर्तावर दवाखान्यातून बोलावणं आलं. ओढणी एकच! नवरीनं मोठ्या मनानं शालू उतरवून दिला आणि लग्न पेशंटच्या उशाशी उरकलं. पेशंटनं झोपल्या झोपल्या मंगलाष्टकं म्हटली.

दुकान-दुकान खेळायला पूर्वी दोघं पुरायची, विकणारा आणि घेणारा. आता तिसरं पद निघालंय. एक चिरंजीव दुकानात मांडी घालून बसतात. हलत नाहीत, हसत नाहीत. गिऱ्हाइकानं त्यांच्या कपाळाला बूच टेकवलं की खणखणीत आवाजात म्हणतात, ‘पन्नास रुपये प्राप्त झाले.’ ते साउंडबॉक्स आहेत. या नोकरीसाठी आमच्याकडे मारामाऱ्या होतात. दुकानदार व्हायला मात्र कुणी राजी नसतं, कारण त्याला काम करावं लागतं. साउंडबॉक्सला दुसरा आकडा येत नाही, त्यामुळे आमच्या दुकानात मीठही पन्नास आणि मोटारसायकलही पन्नास. महागाईवर याहून सोपा तोडगा मी तरी ऐकलेला नाही.

या पसाऱ्याला शास्त्राचा आधार आहे बरं का. सायमन निकल्सन नावाच्या ब्रिटिश कलावंतानं १९७१ मध्ये लिहून ठेवलंय, की हलवता-जोडता येणाऱ्या सुट्या वस्तू जिथे जितक्या जास्त आणि जितक्या तऱ्हेच्या, तिथे माणसाच्या कल्पकतेला तितका वाव. (या हिशोबानं आमच्या भंगारवाल्यानं आतापर्यंत दोन-चार शोध लावायला हवे होते.) त्याच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. माँटेसरीची विकतची साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, दगड, पानं हाताशी घेतली. साहेबानं सिद्धांत मांडला. ताराबाईंनी पोरांपुढे शिंपले मांडले. काड्यापेटीतल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीनं जोडून भूमिती शिकवणारे अरविंद गुप्ता तर आपल्या पुण्यातच काम करत होते आणि त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. हे सगळं मी मावशींना अगदी रंगवून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘त्यांच्याकडे झाडायला कोण होतं?’

खरी पंचाईत नोंदवहीची. प्रत्येक खेळापुढे उद्दिष्ट लिहायचं असतं. तापानं फणफणलेला सुतळीचा साप कोणत्या रकान्यात घालू? मी लिहिते, ‘सूक्ष्म स्नायूंचा विकास, सहवेदना.’ सापानं हे वाचलं तर तो पुन्हा आजारी पडेल.

सुपरवायझर मॅडम भेटीला आल्या, त्या दिवशी दुकान नेमकं रेशनचं होतं. दारापासून करवंट्यांची ओळ लागलेली. मॅडमनी वाकून गोड आवाजात विचारलं, ‘बाळा, हे काय आहे?’

‘रांग,’ दुकानदारीण म्हणाली. ‘शेवटी उभं राहा.’

मॅडम उभ्या राहिल्या. सगळ्या करवंट्यांचं धान्य घेऊन झालं. नंबर आला तशी त्यांच्यापुढे काड्यापेटी सरकली.

‘अंगठा लावा.’

मॅडमनी लावला.

‘उठत नाय. केवायसी केली का?’

‘अगं, मी सुपरवायझर आहे!’

‘सर्व्हर डाऊन आहे,’ दुकानदारीण चिंचोके मोजता मोजता म्हणाली. ‘उद्या या.’

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवहीत पाहिलं. साउंडबॉक्सनं समोर पाहिलं. त्याला काहीच प्राप्त झालं नव्हतं. मग मॅडमनी पदराला अंगठा खसाखसा पुसला आणि काड्यापेटीवर पुन्हा नीट दाबून धरला.