सोडलेले भाऊसाहेब

आमच्या कचेरीत सिगारेट ओढणारे चार, न ओढणारे अठरा आणि सोडलेले एक. त्रास म्हणाल तर या एकाचाच.

लेखा शाखेतल्या भाऊसाहेबांनी पंचवीस वर्षं इमानेइतबारे ओढली. त्या काळात त्यांच्या तोंडून सिगारेटबद्दल चकार शब्द कुणी ऐकला नाही. ओढायची, थोटूक चपलेखाली विझवायचं आणि कामाला लागायचं. गेल्या पाडव्याला सोडली आणि तेव्हापासून हा माणूस दुसऱ्या विषयावर बोललेला नाही. महागाईभत्त्याचा विषय काढा, गाडी फुप्फुसांवर येते. मुलीचं लग्न ठरलं म्हणून कुणी पेढा हातावर ठेवला, तर आधी तो हुंगतात. "वेलदोडा! काय वास येतो हो! सोडल्यापासून नाक उघडलंय माझं."

नाक उघडलं हे खरं. सोडल्यावर वास आणि चव परत येते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या नाकाच्या वापराबद्दल. जेवणाच्या सुट्टीनंतर ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओळखतात. "गोल्ड फ्लेक. फोर स्क्वेअर. तुम्ही वरून बडीशेप खाल्लीत, पण उशीर झाला."

सोडणाऱ्यांच्या पुष्कळ तऱ्हा असतात. श्रावणवाले गटारीला शेवटची ओढतात आणि महिनाभर संतासारखे वागतात. गणपती आले की आरतीचा कापूर विझायच्या आत हे मांडवामागे पेटवून मोकळे. 31 मेच्या तंबाखूविरोधी दिनवाल्यांची शपथ सभागृहातल्या टाळ्यांबरोबर विरते. तिसरे 'विकत घेत नाही' वाले. हे फक्त दुसऱ्याची ओढतात आणि त्याला सोडणं म्हणतात. भाऊसाहेब यातले कुणीच नव्हेत. त्यांनी खरोखर सोडली. पंचाईत इथेच झाली. परत ओढायला लागले असते तर आम्ही तरी सुटलो असतो.

निकोटीन दोन-तीन दिवसांत शरीरातून जातं आणि त्याच दिवसांत तलफ सगळ्यात जास्त छळते, असं डॉक्टर सांगतात. भाऊसाहेबांचे ते दिवस कसे गेले, हे आमच्या प्रवासभत्त्याच्या बिलांना विचारावं. एकूण एक बिल शेरा मारून परत आलं. रिक्षाच्या तीस रुपयांवर त्यांनी दोन पानी हरकत घेतली. पुढे ऑडिटला आलेल्या मंडळींनी ती कौतुकाने वाचली आणि तिची झेरॉक्स नेली.

मग हात थरथरणं, रात्री टक्क जागं राहणं सुरू झालं. "विष बाहेर पडतंय," असं ते भक्तिभावाने सांगायचे. खरं कारण त्यांच्या हातातल्या कपात होतं. सिगारेटच्या धुराने शरीर चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर निकालात काढायला शिकलेलं असतं. धूर थांबला की हा वेग उतरतो आणि नेहमीचाच चहा जास्त चढतो. यांनी तर सिगारेटच्या जागी चहाच वाढवला होता. डॉक्टरांनी चहा निम्मा करायला सांगितला तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "एका जन्मात एकच त्याग."

औषधवाल्याने निकोटीनचं च्युइंगम दिलं. दोन मिलिग्रॅमचं, चिठ्ठीशिवाय मिळणारं. ते लहान मुलांच्या गमसारखं चावत सुटायचं नसतं. दोन-चारदा चावायचं, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचं, थोड्या वेळाने पुन्हा चावायचं. भाऊसाहेब नियमाचे पक्के. ते एकीकडचा गाल फुगवून, डोळे अर्धे मिटून खुर्चीत बसू लागले. आमच्या शिपायाचा तंबाखूत जन्म गेलेला. त्याने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी हळूच आपली चंची पुढे केली. "भाऊसाहेब, आता बार भरायला लागलाच आहात, तर चुना नीट लावलेला घ्या."

साडेचारच्या सुमाराला मात्र मी त्यांच्या टेबलाकडे मुद्दाम बघतो. हात शर्टाच्या खिशाकडे जातो. खिशात पेन असतं. ते बाहेर येतं, दोन बोटांत बसतं, त्याचं बूड टेबलावर हलकेच दोनदा आपटलं जातं. टोपण ओठांपाशी येतं आणि एक लांब श्वास आत जातो. मग तर्जनीने पेनावरची राख झटकली जाते. ती थेट रोखवहीवर पडते, आणि भाऊसाहेब फुंकर मारून ती वही साफही करतात. तलफ काही मिनिटांची असते. ओढा न ओढा, ती येते तशी जाते. ही काही मिनिटं त्यांनी रोज, एकट्याने, कुणाला न सांगता काढली आहेत. बाकी सगळं सांगतात, एवढं सांगत नाहीत. त्या वेळी मी त्यांची थट्टा करत नाही. पावणेपाचनंतर करतो.

पावणेपाचला टपरीवर जायचं असतं ना! सिगारेट सुटली, टपरी कुठे सुटली? पोवई नाक्याच्या अलीकडे वळणावर ती आहे. तिच्या खांबाला अजून पेटता सुंभ लोंबतो आणि भाऊसाहेब त्याच्याशेजारीच उभे राहतात, म्हणजे म्हणीला चित्र शोधत लांब जायला नको. ओढणारे चौघे बाकावर. भाऊसाहेब आधी वारा बघतात. यवतेश्वराच्या डोंगराकडून असेल तर बाकाच्या या टोकाला, फिरला तर त्या टोकाला. कुठूनही असला तरी धूर बरोबर यांच्या तोंडावर येतो आणि मगच प्रवचनाला सुरुवात होते.

प्रवचन अभ्यासपूर्ण असतं. कायदा 2003 चा. सार्वजनिक जागी बंदी 2 ऑक्टोबर 2008 पासून, म्हणजे गांधीजयंतीपासून, दंड दोनशे रुपयांपर्यंत. पाकिटावरचं चित्र 2016 पासून 85 टक्के जागेवर. ते चित्र ते बाकावरच्यांच्या डोळ्यांसमोर धरतात. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा नंबर त्यांना तोंडपाठ आहे. बायकोचा नंबर अजून फोनमध्ये शोधावा लागतो. "वर्ष झालं की हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो," हे सांगताना ते पाडव्याला किती महिने उरले तेही सांगतात. मग मोर्चा टपरीवाल्याकडे वळतो. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला 2020 पासून बंदी आहे, हे त्याला रोज कळतं. तो मान डोलावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सुट्टी देतो.

घरच्या आघाडीवर वहिनी आहेत. ओढण्याचे रोजचे जे पैसे वाचतील ते पतसंस्थेच्या पिग्मीत टाकायचे, हा त्यांचा हुकूम. पिग्मी एजंट संध्याकाळी टपरीवरच येतो, पैसे घेतो, नोंद करतो. रात्री वहिनी पासबुक उघडतात. भाऊसाहेबांचा ईसीजी डॉक्टरांनी वर्षातून एकदा काढला असेल, वहिनी रोज काढतात. आकडे कसे सरळ रेषेत पाहिजेत.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी रेषा हलली. बरोबर एका सुट्ट्या सिगारेटच्या किमतीएवढी रक्कम कमी भरली होती. त्या रात्री काय झालं ते भाऊसाहेबांनी सांगितलं नाही, पण शुक्रवारी डबा आला नव्हता. "एजंटलाच एक पाजली हो," ते आमच्यापुढे शपथेवर सांगत होते. "बिचारा उन्हातान्हात हिंडतो." आमच्यापैकी कुणाचाच विश्वास बसला नाही. वहिनींचा तर नाहीच. त्या संध्याकाळी साडेपाचला स्वतः टपरीवर हजर झाल्या. बाकावरच्या चौघांनी हात पाठीमागे घेतले.

"काय हो," वहिनींनी एजंटला विचारलं, "काल यांनी तुम्हाला सिगारेट पाजली?"

"हो वहिनी. पाजली की."

भाऊसाहेबांची छाती फुगली. चौघांकडे एकेक करून बघून झालं.

"आणि यांनी?"

"शिवलेपण नाहीत. पेटवूनसुद्धा मीच घेतली."

"मग ठीक आहे," म्हणून वहिनी वळल्या. एजंटने तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण बिचारा सरळ माणूस.

"फक्त संपेपर्यंत मला जागचं हलू दिलं नाही बघा. मी तोंड फिरवलं की म्हणायचे, अहो, धूर इकडे सोडा, पैसे मी दिलेत!"