बिनपिठाचा संसार : दुहेरी दुखणाइतांसाठी मार्गदर्शिका

सकाळी उठल्यावर तासभर ज्यांची पाठ वाकायला नकार देते आणि जेवणानंतर ज्यांचा ग्लुकोमीटर २००च्या वर जातो, अशा दुहेरी भाग्यवंतांसाठी ही मार्गदर्शिका आहे. एकेरी भाग्यवंतांनीही ती वाचायला हरकत नाही. आपल्याकडे सल्ला घ्यायला आजार लागत नाही, द्यायला तर मुळीच नाही.

पायरी १ : आपला संधिवात कोणता, ते आधी विचारून घ्या

‘संधिवात आहे’ एवढ्यावर भात सोडू नये. स्टार्च कमी करण्याचा विचार लंडनच्या किंग्ज कॉलेजातले अ‍ॅलन एब्रिंगर यांचा, आणि तोही मुख्यतः अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससाठी. या आजाराचं एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेलं नातं १९७३ साली उघड झालं. एब्रिंगर यांचं म्हणणं असं की, न पचलेल्या स्टार्चवर आतड्यात क्लेबसिएला नावाचा जिवाणू पोसला जातो. त्याच्याविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती साधर्म्यामुळे बी२७ असलेल्या आपल्याच पेशींवर उलटतात. ऱ्हुमॅटॉइडच्या बाबतीत मात्र त्यांचा संशय प्रोटिअस या दुसऱ्याच जिवाणूवर, आणि त्याचं ठाणं मूत्रमार्गात. तेव्हा ऱ्हुमॅटॉइडवाल्याने या सिद्धान्तापायी पोळी सोडली, तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. मोठ्या चाचण्यांनी या सिद्धान्तावर अजून शिक्का मारलेला नाही. म्हणून प्रयोग जरूर करा, पण सांध्यांची औषधं चालू ठेवून.

पायरी २ : दोन्ही पथ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवा

स्टार्चच्या कागदावर मध, गूळ, पिकलेली फळं बिनधास्त बसलेली असतात. सांध्यांचं गोडाशी वैर नाही. मधुमेहाच्या कागदावर ज्वारीची भाकरी आणि मोडाची उसळ मापात चालते. स्टार्चच्या कागदावर दोघीही आरोपी. एकाला जे चालतं ते दुसऱ्याला खपत नाही. नमुन्यादाखल उकडीचा मोदक घ्या. पारीला सांध्यांची हरकत, सारणाला साखरेची. दोन्ही पक्षांना मान्य असलेला भाग म्हणजे वरचं तूप आणि खालचं हळदीचं पान. पान खायची पद्धत नाही.

दोन्ही कागदांवर टिकून राहतात ती अंडी, मासे, मटण, पनीर, दही, पालेभाज्या, दुधी, दोडका, पडवळ आणि कारलं. शाकाहारी वाचकांनी इथे थांबून पाणी प्यावं.

पायरी ३ : घरात आयोडीनची चाचणी सुरू करा

जखमेला लावायचं आयोडीन घ्या आणि पदार्थाच्या कडेला एक थेंब टाका. कापलेल्या बटाट्यावर तो तांबूस थेंब बघता बघता निळा-काळा होतो. दुधीच्या फोडीवर तांबूसच राहतो. काळा झाला तर स्टार्च आहे. तपासलेला तुकडा टाकून द्यावा, खाऊ नये. ही चाचणी फिक्या रंगाच्या पदार्थांवरच करावी. तांबड्या रश्शात आयोडीनही हरवतं. पाहुण्यांच्या ताटावर करू नये.

खरे गुन्हेगार लपलेले सापडतात. कोबीच्या भाजीत पीठ पेरलेलं असतं, कढीला बेसन लावलेलं असतं, अळूच्या फतफत्यात हरभऱ्याची डाळ असते, तळलेल्या सुरमईला तांदळाच्या पिठाचा अंगरखा असतो. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. तिथेही बहुधा गव्हाचं पीठ निघतं. आपल्या स्वयंपाकघरात पीठ हा पदार्थ नाही, स्वभाव आहे.

पायरी ४ : उपवास तातडीने थांबवा

साबुदाणा, बटाटा, रताळं, वरी, शिंगाडा, राजगिरा. स्टार्चचे पदार्थ निवडायला एखादी समिती नेमली असती, तर तिलाही एवढी नेटकी यादी जमली नसती. आषाढी एकादशीला ज्यांना राहवत नाही, त्यांनी पूर्वीच्या अर्थाने उपवास करावा, म्हणजे खाऊ नये. मात्र त्याआधी पायरी ६ वाचावी.

पायरी ५ : आग्रहाला तोंड द्या

‘नको’ हा शब्द पंगतीत ऐकू जात नाही. आत्याबाई ‘अरे, एवढ्याशा भाताने काय होतंय?’ म्हणत मूद वाढतील. ‘आत्या, स्टार्च आहे’ म्हटलंत, तर ‘अरे, स्टार्च नाही, आंबेमोहोर आहे’ हे उत्तर मिळेल. सिद्धान्त समजावायला जाऊ नका. क्लेबसिएला हे नाव ऐकून आत्या तुमच्यासाठी नारळ ओवाळतील. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढंच म्हणा आणि ताटावर हात आडवा धरा. हात मोठा हवा.

पायरी ६ : ही पायरी गंभीर आहे

पोळी-भात कमी केला की साखर उतरते, पण ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच हिशेबाने काम करत राहतं. मग दुपारी हातपाय थरथरतात, घाम फुटतो. म्हणून पथ्य किंवा उपवास सुरू करण्याआधी मधुमेहाच्या डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असेल, तर कर्बोदकं एकदम तोडू नका. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं. सांध्यांसाठी स्टेरॉइड दिलं, तर साखर चढते. हे सांध्यांच्या डॉक्टरांनी साखरेच्या डॉक्टरांना कळवलं असेल असं गृहीत धरू नका. दोन्ही फायली एकाच पिशवीत ठेवा.

साखर ७०च्या खाली गेली, तर ३ चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. साखरेत स्टार्च नसतो, त्यामुळे सांध्यांची तक्रार येणार नाही. तक्रार आत्याबाईंची येईल : ‘मघाशी मोदक नको म्हणालास, आणि आता साखरपाणी?’

पायरी ७ : श्रेयवाटप

एचबीएवनसी साधारण ३ महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतं, म्हणून प्रयोगाला तेवढी मुदत द्या. रोज सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला ते वहीत लिहा. शरीरातल्या दाहाचा अंदाज देणारं सीआरपी, आधीचं आणि नंतरचं, जोडा. या काळात दुसरं काहीही नवं सुरू करू नका. नाहीतर पाठ मोकळी झाल्यावर तिच्यावर नवं इंजेक्शन, पहाटेचं फिरणं, एब्रिंगर आणि शेजारच्या काकूंचे मेथीचे दाणे असे चौघेजण हक्क सांगतील, आणि त्यांत काकू जिंकतील.

आकडे हलले नाहीत, तर पोळी ताटात परत घ्या. साखरेच्या मापात घ्या, सूड उगवल्यासारखी घेऊ नका. आकडे हलले, तर वही दोन्ही डॉक्टरांना दाखवा. काकूंना दाखवू नका. त्यांना फक्त म्हणा, ‘तुमच्या मेथ्या लागू पडल्या हो.’ म्हणजे पुढच्या वेळी त्या पुरणपोळी घेऊन येणार नाहीत.