बोलका कुकर, गप्प डबा

कोरियात माणसं कामापुरतं बोलतात. उरलेलं बोलणं त्यांनी यंत्रांवर सोपवलं आहे. भाताचा कुकर वाफ सोडण्याआधी बाईच्या गोड आवाजात सावध करतो आणि भात झाला की ‘आता नीट हलवून घ्या’ असंही बजावतो. कपड्यांचं यंत्र धुणं आटोपलं की शूबर्टच्या ‘ट्राउट’ची धून वाजवतं. घराच्या दाराला किल्ली नसते, आकडे दाबायचे असतात. कुलूप लागलं की तेही सूर काढतं. लिफ्ट दार उघडताना बोलते आणि मिटतानाही बोलते. पुण्याजवळच्या चाकण-रांजणगाव पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्यापासून इकडची बरीच मुलं तिकडे जाऊन-येऊन असतात. आमचे चिरंजीवही त्याच वाटेनं सुवॉनला पोचले आणि त्यांच्या मागोमाग आम्ही दोघं. हे शहर सोलच्या दक्षिणेला, मेट्रोच्या टप्प्यात आहे. आठवडाभरात बायको कुकरला मराठीत उत्तरं द्यायला लागली. ‘हलवते रे बाबा, जरा दम धर,’ असं ती म्हणे आणि कुकर खरोखरच गप्प बसे. माझ्यावर असा भरवसा तिनं कधी टाकलेला नाही.

मेट्रोतही हीच वाटणी. गाडी येताना फलाटावर तुतारी वाजते, गाडी बदलायचं स्टेशन आलं की डब्यात कोरियन पारंपरिक वाद्यांची धून लागते आणि मोठ्या स्टेशनांवर तर कोरियन, इंग्रजी, जपानी, चिनी अशा चार भाषांत घोषणा होते. एवढा गाजावाजा करून ज्या डब्यात आपल्याला चढवतात, तिथं शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि कुणी हूं की चूं करत नाही. पहिल्यांदा बायकोनं माझी बाही ओढून कानात विचारलं, ‘अहो, कुणी गेलं-बिलं की काय?’

तेवढ्यात नागपूरच्या मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. आमचे मेहुणे फोनवर अशा आवाजात बोलतात की फोन हा केवळ उपचार वाटावा. अख्ख्या डब्यातल्या एकानंही आमच्याकडे वळून पाहिलं नाही. न पाहण्यात एवढी जरब असू शकते हे मला नवीन होतं. मेहुण्यांना मुंबईच्या लोकलमध्ये ‘ओ काका, आवाज कमी करा’ असं कुणीतरी सांगितलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. इथं ते आमच्या मानेवर बसलं, ते उतरेपर्यंत.

डब्याच्या दोन्ही टोकांना म्हाताऱ्यांसाठी राखीव जागा असतात. गर्दीच्या वेळीही त्या रिकाम्या राहतात. ऑफिसातून पिळून निघालेली पोरं कडीला लोंबकळत उभ्या उभ्या झोपतील, पण तिथं टेकणार नाहीत. माझे केस पुरेसे पांढरे आहेत, म्हणून मी बसलो. पुढच्या स्टेशनवर एक आजीबाई चढल्या: घट्ट कुरळे केस, कपाळावर छपरासारखी पुढे आलेली टोपी, कोपरापर्यंत फुलाफुलांच्या बाह्या. हा तिथल्या अजुम्मांचा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या समस्त बायकांचा, गणवेश समजावा. त्यांनी मला केसांपासून बुटांपर्यंत न्याहाळलं, मनातल्या मनात वय मांडलं आणि माझा नंबर त्यांच्या खालचा ठरवला. मी उठलो. बाई माझी वाट पाहत नव्हत्या. मी उठणार हे त्यांच्या हिशेबात आधीच जमा होतं.

वयाचा हा हिशेब तिथं फार बारकाईनं होतो, कारण समोरच्याशी कोणत्या पायरीवरून बोलायचं हे त्यावरून ठरतं. ओळख झाली की नावापाठोपाठ जन्मसाल विचारतात. पूर्वी गंमत अशी की मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचंच वय एकदम वाढवत. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. २८ जून २०२३ पासून कायद्यानं सरकारी कामात आपल्यासारखंच वय धरायचं ठरलं आणि एका रात्रीत सारा देश एक-दोन वर्षांनी तरुण झाला. हे ऐकल्यावर बायकोनं त्या सरकारबद्दल जे गौरवोद्गार काढले, ते तिनं आपल्या कोणत्याही सरकारबद्दल काढल्याचं मला आठवत नाही. पासष्टी उलटलेल्या तिथल्या रहिवाशांना मेट्रो फुकट आहे. त्यामुळे पुष्पगुच्छ, कागदपत्रं, छोटी पार्सलं घेऊन शहरभर हिंडणारे आजोबा हा तिथला एक अधिकृत धंदाच झाला आहे. तिकीट शून्य, पायांना व्यायाम आणि सुनेच्या डोळ्यांआड दिवस. या योजनेत मला कुठंही खोट सापडली नाही.

बोलक्या यंत्रांत सर्वांत आगाऊ म्हणजे खिशातला फोन. तो एकाएकी खेकसतो. आभाळ कोसळलं असं वाटून आपण पाहतो तर सरकारी संदेश असतो: ऊन फार आहे, बाहेर पडू नका; पाऊस फार आहे, ओढ्याकाठी जाऊ नका. अधूनमधून हरवलेल्या वृद्धांचे संदेशही येतात. वय, उंची, वजन, अंगावरचे कपडे असा सगळा तपशील त्या भागातल्या प्रत्येक फोनवर पोचतो आणि लोक खरोखरच इकडेतिकडे पाहायला लागतात. मुलानं एक संदेश वाचून दाखवला तेव्हा बायकोनं मला ताकीद दिली, ‘तुम्ही इथं हरवायचं नाही. तुमचं वजन गावभर होईल.’ आणि दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर पडताना कोणता शर्ट घातला आहे ते लिहून ठेवायला लागली.

गंमत म्हणजे ज्या गोष्टीची खरी भीती वाटावी, तिच्याबद्दल मात्र सगळे चिडीचूप. उत्तर कोरियाची सीमा सोलपासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. कोरियन युद्धात १९५३ साली शस्त्रसंधी झाला, तह आजतागायत नाही. मेट्रोच्या फलाटावर काचेच्या कपाटात वायूपासून बचावाचे मुखवटे ठेवलेले असतात आणि त्याच काचेत पाहून मुली लिपस्टिक सारखी करतात. त्या युद्धातल्या कैद्यांचा गुंता सोडवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या होते, ही माहिती मी मुलाच्या एका सहकाऱ्याला अभिमानानं दिली. त्यानं अदबीनं मान लववली, सगळं ऐकून घेतलं आणि ‘थ्री इडियट्स’चा दुसरा भाग कधी येणार ते विचारलं.

हॉटेलात टेबलावर घंटी असते. दाबली की अजुम्मा प्रकट होते. तिला मावशी म्हणून हाक मारायची रीत आहे. चमचे आणि काड्या टेबलाच्या कडेच्या खणात सापडतात. काड्या स्टीलच्या, चपट्या, गुळगुळीत. त्यांनी शेंगदाणा उचलणारा माणूस आयुष्यात काहीही करू शकतो. मागवलेला पदार्थ यायच्या आधी पाच-सहा वाट्या येऊन पडतात: किमची, मोड आलेलं काहीतरी, पालकासारखं काहीतरी. संपल्या की पुन्हा भरून मिळतात, पैसे पडत नाहीत. त्यावर बख्शीस ठेवायची पद्धतही नाही. फक्त एकट्यानं जाऊ नये. भाजून खायच्या बऱ्याच ठिकाणी किमान दोघांचं मागवावं लागतं आणि एकट्या माणसाकडे मावशी अशा काळजीनं पाहते की त्यापेक्षा दोघांचं खाल्लेलं परवडतं. जेवणात कात्री लागते हेही आधीच सांगून ठेवतो. मांस, किमची, नूडल्स, सगळं कात्रीनं. माझी काड्यांशी चाललेली झटापट एका मावशीला पाहवेना. तिनं येऊन माझ्या वाडग्यातल्या लांबलचक नूडल्स दोनदा उभ्या, दोनदा आडव्या कापल्या आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

शाकाहारी मंडळींनी मन घट्ट करून जावं. ‘मांस नको’ म्हटलं की मांस येत नाही. पण रस्सा सुक्या मासळीचा असतो आणि किमचीत खारवलेली कोळंबी मुरलेली असते. त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच, आमचे मालवणचे स्नेही मासळीला भाजीत धरतात तसं. बायकोचे पहिले काही दिवस भात, भाजलेलं समुद्रशेवाळ आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी यांवर गेले. मग मुलानं देवळाच्या जेवणाचा शोध लावला. बौद्ध मठांत मांस-मासळी नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. बेगयांगसा मठाच्या आवारातल्या जंग ग्वान नावाच्या भिक्षुणी या स्वयंपाकामुळे जगप्रसिद्ध झाल्या. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘शेफ्स टेबल’नं त्यांच्यावर एक भाग केला. ज्या देशात लसणाशिवाय पान हलत नाही, तिथं बायकोला बारमाही चातुर्मास पाळणारं स्वयंपाकघर सापडलं. कमळाच्या देठांची भाजी तिनं तिसऱ्यांदा घेतली आणि कोरियन संस्कृतीविषयीचं मत तिथल्या तिथं सुधारून घेतलं.

आता सार्वजनिक स्नान. त्याला जिमजिलबांग म्हणतात. दारात बूट कुलपात टाकायचे, रंगीत टी-शर्ट नि अर्धी चड्डी घ्यायची, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. चड्डी नंतरच्या गरम खोल्यांसाठी असते. आंघोळीच्या दालनात मात्र काहीही चालत नाही. काहीही म्हणजे काहीही. मराठी मध्यमवर्गीय माणसाची पंच्याची गाठ गंगेतही सुटत नाही. तिथं मी साठेक अनोळखी पुरुषांत उभा होतो आणि मेट्रोतल्याप्रमाणेच कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. त्या न पाहण्याची किंमत मला त्या दिवशी कळली. कढत पाण्याच्या कुंडात मुरल्यावर एक धिप्पाड गृहस्थ आले आणि प्लास्टिकनं मढवलेल्या बाकड्याकडे बोट दाखवून गेले. त्यांच्या हातात हिरवा, खरखरीत पिशवीवजा मोजा होता. त्याला इटालियन टॉवेल म्हणतात. वस्तू अस्सल कोरियन. मग त्यांनी मला घासायला घेतलं. दिवाळीच्या पहाटे आजी उटणं लावायची, त्या खालोखाल माझ्या कातडीला मिळालेला हा अनुभव. आजी निदान ‘लागतंय का रे’ विचारायची. गृहस्थांनी कूस बदलायची वेळ झाली की मांडीवर थाप मारायची एवढीच भाषा ठेवली होती. शेवटी त्यांनी माझ्या अंगावरून निघालेला मळ मला दाखवला, तोही काहीशा अभिमानानं, आणि बादलीभर पाणी ओतून मोकळं केलं.

बाहेर, ऊबदार जमिनीवर, सगळी कुटुंबंच्या कुटुंबं त्याच रंगाच्या कपड्यांत पसरलेली होती. डोक्याला मेंढीसारख्या दोन गुंडाळ्या असलेली टॉवेलची टोपी, हातात तपकिरी झालेलं भाजकं अंडं आणि भाताचं गोड थंडगार सरबत. बायको आधीच तिथं पोचली होती. चेहरा लाल, डोक्यावर ती मेंढीची टोपी. ‘घरी असा मोजा घेऊन जाऊ या,’ ती म्हणाली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

या लोकांना घाई फार, हे खरं. लिफ्टमध्ये दार मिटायचं बटण इतर बटणांपेक्षा जास्त झिजलेलं असतं. बस तुम्ही बसायच्या आत सुटते. रात्री मागवलेली वस्तू पहाटे दाराशी येऊन पडते. ही आजकालची पिढी, असं म्हणायला जावं तर सुवॉनचा ह्वासंग किल्ला आड येतो. राजा जंगजोनं १७९४ मध्ये काम सुरू केलं. दहा वर्षं लागतील असा अंदाज होता. १७९६ मध्ये किल्ला उभा. तट पावणेसहा किलोमीटरच्या आसपास. जड दगड उचलायला जंग याक-यंग या विद्वानानं कप्प्यांचं यंत्र बनवून दिलं होतं. पण आम्ही गडकिल्लेवाले खरे भारावलो ते हिशेबापुढे. कोणत्या गवंड्यानं किती दिवस काम केलं आणि त्याला काय मिळालं, हे नावानिशी लिहिलेलं पुस्तक त्यांनी जपून ठेवलं. कोरियन युद्धात तटाची पडझड झाली तेव्हा त्याच नोंदींवरून १९७०च्या दशकात दुरुस्ती झाली. आमच्या सोसायटीच्या गच्चीची डागडुजी नेमकी कुणी केली होती, हे आता कुणालाही सांगता येत नाही.

कचऱ्याचा विषय मात्र सवडीनं घ्यावा लागतो. रस्त्यावर कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत, आणि घरचा कचरा पालिकेच्या विकत मिळणाऱ्या पिशवीतच टाकायचा, ही पद्धत १९९५ पासूनची. सुवॉनची पिशवी सोलमध्ये चालत नाही. उष्टंखरकटं वेगळं. त्यासाठी इमारतीखाली यंत्र आहे: कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, आत टाकलेलं तोलतं, आणि वजनाप्रमाणे पैसे लागतात. कसोटी अशी की जनावराला खाता येईल तेवढंच यात टाकायचं. हाडं, शिंपले, अंड्याची टरफलं, आंब्याच्या कोयी, कांद्याची सालं, चहाचा चोथा हे सगळं दुसऱ्या पिशवीत. बायकोला हे मान्य नव्हतं. कांद्याची सालं गाय खाते, असं तिचं म्हणणं. इमारतीच्या रखवालदार आजोबांना ते पटत नव्हतं. ती मराठीत, ते कोरियनमध्ये, दोघंही आपापल्या भाषेत अस्खलित, असा वाद यंत्रासमोर चांगला रंगला. शेवटी मुलगा खाली आला. आजोबांनी त्याला आधी एकच प्रश्न विचारला: आईंचा जन्म कोणत्या सालचा?

उत्तर ऐकून आजोबा चपापले. बायको त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली. त्यांनी टोपी काढली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. त्या दिवसापासून ती खाली उतरली की ते आधी वाकून नमस्कार करत, आणि मग तिच्यासमोर पिशवी उघडून त्यातली कांद्याची सालं एकेक करून बाहेर काढत.